हरवलेला पहिला भाग : ‘आय लव्ह लूसी’च्या पायलटविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका मित्राच्या हॉलमध्ये महिन्यातल्या एका रविवारी आम्ही वीस-बावीसजण जमून जुनं काहीतरी बघतो. पडदा म्हणजे पांढरी चादर, मध्येच चहा, आणि कुणी आठवणीनं आणला तर कुंदा. मागच्या खेपेला ‘आय लव्ह लूसी’ या जुन्या अमेरिकन विनोदी मालिकेचा पायलट दाखवला. भाग अर्ध्या तासाचा, त्यावरचे प्रश्न मात्र दीड तास चालले. नंतर खानापूरहून आणि निपाणीहून ज्यांना यायला जमलं नव्हतं त्यांचे फोन आले, तेही तेच प्रश्न घेऊन. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेलं बरं.

पायलट म्हणजे? विमानाचा काय?

चेष्टा म्हणून एकानं विचारलं, पण उत्तर ऐकायला सगळ्यांनीच कान टवकारले. शितावरून भाताची परीक्षा म्हणतो ना, त्यातलं शीत म्हणजे पायलट. मालिका करायची असेल तर आधी नमुन्याचा एक भाग तयार करायचा आणि पैसे घालणाऱ्याला दाखवायचा. त्याला पटला तर पुढचे भाग. हा नमुना लोकांना दाखवायलाच पाहिजे असं काही नसतं, आणि आपल्या गोष्टीचं सगळं रामायण त्यातूनच झालंय.

ही मालिका एवढी मोठी कशी?

लूसी ही न्यूयॉर्कमधली गृहिणी, तिचा नवरा रिकी हा क्यूबाहून आलेला गायक आणि बँडवाला. तो स्टेजवर, ही घरात, आणि हिला काही करून त्याच्या कार्यक्रमात घुसायचंय. एवढ्या भांडवलावर सीबीएस या अमेरिकन टीव्ही वाहिनीवर १५ ऑक्टोबर १९५१ पासून १९५७ पर्यंत सहा सीझन आणि १८० भाग झाले. ही कामं करणारे लूसिल बॉल आणि देसी आर्नाझ हे प्रत्यक्षातही नवरा-बायको. १९ जानेवारी १९५३च्या भागात लूसीला मुलगा होतो, तो अमेरिकेत साधारण ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला म्हणतात. प्रत्यक्षातला मुलगाही त्याच दिवशी जन्मला.

त्या काळात टीव्हीवर ‘प्रेग्नंट’ हा शब्द चालत नव्हता, काहीतरी आडवळणाचं बोलावं लागे. आमच्या कट्ट्यावरच्या आजींना यात काहीच नवल वाटलं नाही. ‘दिवस गेलेत म्हणायचं की, सरळ कोण म्हणतंय?’ असं म्हणून त्या मोकळ्या झाल्या.

पायलटमध्ये घडतं काय? आणि शेजारी फ्रेड-एथेल कुठं गेले?

नंतरची मालिका ज्यांनी पाहिलीय त्यांना हा भाग अर्धा ओळखीचा आणि अर्धा परका वाटतो. घरमालक फ्रेड आणि त्याची बायको एथेल यात नाहीतच. ती पात्रं नंतर लिहिली गेली. रिकीला टीव्हीवर संधी मिळायची शक्यता आहे आणि त्याच्या कार्यक्रमात पेपितो नावाचा विदूषक असणार आहे. ऐनवेळी पेपितोला दुखापत होते, आणि लूसी त्याच्या जागी घुसते. ढगळ कोट, हातात मोठं तंतुवाद्य. ती पडद्यावर आली तेव्हा मागून ‘हे काय करूलालंय बाई!’ असा आवाज आला आणि सगळा हॉल फुटला. मालिकेवरची सगळ्यात नेमकी टिप्पणी मला तीच वाटते.

ही कल्पना वाया गेली नाही. नोव्हेंबर १९५१मध्ये मालिकेच्या सहाव्या भागात तीच गोष्ट थोडी बदलून आली.

आणखी एक बघण्यासारखं : लूसीचे कपडे. घरात सैल पायजमा, स्टेजवर पोतडीसारखा कोट. पायलटचं शूटिंग २ मार्च १९५१ला झालं आणि १७ जुलैला तिला मुलगी झाली. म्हणजे पाचव्या महिन्याच्या आसपासची बाई विदूषक होऊन स्टेजवर लोळण घेतेय आणि कॅमेऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही. दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा लेखकांनी लपवालपवी सोडली आणि तीच गोष्ट केली.

चित्र एवढं धुरकट का? बाकीचे भाग तर चकचकीत आहेत.

हा प्रश्न विचारणारा नेमका ग्राफिक्सचं काम करणारा पोरगा. त्याची नजर बरोबर पडली.

१९५१ साली व्हिडिओ टेप नव्हती. टीव्ही कार्यक्रम टेपवर धरून ठेवायचं व्यवहारात वापरता येईल असं यंत्र अमेरिकेत १९५६ला आलं. त्याआधी कार्यक्रम थेट व्हायचा आणि हवेत विरून जायचा. जपायचा असेल तर एकच उपाय : टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावायचा आणि पडद्यावरचं चित्र फिल्मवर उतरवायचं. याला किनेस्कोप म्हणत. आज टीव्हीवरची बातमी मोबाइलनं टिपून व्हॉट्सअॅपवर टाकतात, तसलाच प्रकार, फक्त यंत्रं चांगली आणि माणसं शिकलेली. तरीही कडा विरघळलेल्या, पांढरं जास्त पांढरं, काळं जास्त काळं. शिवाय अमेरिकन टीव्हीचं चित्र सेकंदाला ३० चौकटींचं आणि फिल्म २४ची, त्यामुळं ते जुळवायची कसरत वेगळीच. पायलट असा किनेस्कोपवर उतरवलेला आहे.

मग बाकीचे भाग स्वच्छ कसे? त्याचं कारण भूगोल आहे. मार्च १९५१मध्ये अमेरिकेचा पूर्व किनारा आणि पश्चिम किनारा टीव्हीच्या जोडणीनं बांधलेले नव्हते. ती जोडणी त्याच वर्षी सप्टेंबरात झाली. कार्यक्रम थेट करायचा तर न्यूयॉर्कहून, कारण जास्त प्रेक्षक आणि जाहिरातदार तिकडं. लांबच्या किनाऱ्याला नंतर धुरकट किनेस्कोप. प्रायोजक फिलिप मॉरिस ही सिगारेट कंपनी, आणि सिगारेट खपवायची तर धुरकट चित्र मोठ्या बाजारपेठेला दाखवून चालणार नव्हतं. लूसी-देसींना मात्र हॉलिवूड सोडायचं नव्हतं. शेवटी तोड निघाली : खऱ्या प्रेक्षकांसमोर, एकाच वेळी तीन कॅमेरे लावून, सिनेमासारखं ३५ मिलिमीटर फिल्मवर शूट करायचं. कॅमेऱ्याचं काम कार्ल फ्रॉइंड यांच्याकडं, म्हणजे मूकपटांच्या जमान्यात जर्मनीत नाव कमावलेला माणूस. तीन कॅमेऱ्यांना एकाच वेळी चालेल अशी सपाट प्रकाशयोजना त्यांनी बसवली. विनोदी मालिका आजही अनेक ठिकाणी त्याच पद्धतीनं होतात.

फिल्मचा खर्च जास्त, म्हणून दोघांनी आठवड्याला १००० डॉलर कमी घेतले आणि बदल्यात भागांची मालकी मागितली. सीबीएसनं ती दिली. एकदा दाखवलेला कार्यक्रम पुन्हा कोण बघणार, असा त्यांचा हिशेब. पुढं तेच भाग सीबीएसला लाखो डॉलर मोजून परत विकत घ्यावे लागले. आमच्या कट्ट्यावरचा वकील हे ऐकून दोन मिनिटं गप्प बसला, एरवी तो बसत नाही.

एवढी मोठी कंपनी, आणि पहिलाच भाग हरवतो कसा?

हरवला असं म्हणताना कुणीतरी चावी विसरल्यासारखं चित्र डोळ्यासमोर येतं. तसं नव्हतं. पायलट लोकांना दाखवायचा नव्हता, प्रायोजक मिळवायचा होता. प्रायोजक मिळाला, काम संपलं. मुलीचं लग्न ठरल्यावर दाखवण्याच्या कार्यक्रमातला फोटो कोण जपून ठेवतं? आणि लेखकांनी त्यातली गोष्ट सहाव्या भागात वापरून टाकल्यावर तर तो नुसता कच्चा मसुदा उरला. मालिकेचे भाग विकाऊ माल होते, म्हणून त्यांची मोजदाद झाली. पायलट कुठल्याच हिशेबात नव्हता. पुढं मालिका अजरामर ठरली, लोक शोधायला लागले, तेव्हा तो ना सीबीएसकडं सापडला ना लूसी-देसींच्या डेसिलू कंपनीच्या ठेव्यात. जवळजवळ चाळीस वर्षं तो गेलाच असं धरून सगळे चालले होते.

मग सापडला कुठं?

विदूषकाच्या घरी.

पेपितो पेरेझ हा खरोखरचा विदूषक, स्पॅनिश, सर्कस आणि रंगमंचावरचा जुना माणूस. पायलटमध्ये तो स्वतःच्याच नावानं आहे. त्याचं काम तेवढ्यापुरतं नव्हतं. १९५०च्या उन्हाळ्यात लूसी आणि देसी गावोगाव स्टेज शो करत फिरले. चॅनलवाल्यांचं म्हणणं होतं की गोऱ्या अमेरिकन बाईचा नवरा म्हणून क्यूबन उच्चाराचा माणूस लोकांना पटणार नाही. पटतो हे सिद्ध करायला हा दौरा. त्या दौऱ्यातला लूसीचा विदूषकी प्रवेश पेपितोनं बसवून दिला, वाद्याचा सगळा खटाटोप त्याचा. पायलटमध्ये जो प्रवेश बघून आपण हसलो, तो मूळ त्याचा.

त्याचे आभार म्हणून देसीनं त्याला पायलटची एक प्रत भेट दिली. पेपितोनं ती ठेवली. १९७५ला तो वारला, प्रत त्याच्या बायकोकडं राहिली. तीही त्याच्याबरोबर स्टेजवर काम केलेली. तिच्याकडची ती प्रत पुढं आली आणि सीबीएसनं ३० एप्रिल १९९०ला ती दाखवली. जो भाग कधीच प्रसारित झाला नव्हता, तो ३९ वर्षांनी पहिल्यांदा लोकांच्या घरात गेला.

देसी आर्नाझ डिसेंबर १९८६मध्ये गेले होते. लूसिल बॉल २६ एप्रिल १९८९ला. म्हणजे प्रसारण झालं ते तिच्या वर्षश्राद्धाच्या आठवड्यात. आणि त्या कार्यक्रमाचं निवेदन कुणी केलं? लूसी आर्नाझनं. तीच मुलगी, जी पायलटच्या वेळी आईच्या ढगळ कोटाआड पोटात होती. त्या भागात काम केलेली, पण पडद्यावर नाव नसलेली एकमेव व्यक्ती, असं आमच्यातल्या एका शिक्षकानं म्हटलं. मला ते अजून आठवून हसू येतं.

विदूषकाच्या बायकोला एवढी वर्षं कळलं नाही काय, आपल्याकडं काय आहे ते?

हा प्रश्न थोडा आरोपाच्या सुरात येतो. मला वाटतं उलटं विचारायला पाहिजे. जगाला ती प्रत हरवलेली वाटत होती, तिच्या दृष्टीनं ती नवऱ्याची होती, घरातच होती. आपल्या कपाटातल्या वस्तूची कुणी तरी दवंडी पिटतंय हे घरातल्या माणसाला कसं कळावं? तिनं ती फेकली नाही, विकली नाही, उन्हात टाकली नाही. मोठ्या कंपनीला जे जमलं नाही ते तिला जमलं.

वस्तू टिकते ती बहुतेक वेळा अशा माणसाकडं, ज्याच्याकडं तेवढी एकच असते. नायकाच्या घरी शंभर सत्कारांचे शंभर नारळ. दुय्यम पात्राकडं एक फोटो, एक सर्टिफिकेट, एक कॅसेट, आणि ती ट्रंकेच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

रिकी चिडला की मध्येच काय बडबडतो? ते कळलं नाही.

स्पॅनिश. कळू नये म्हणूनच आहे. मालिकेत हे पुढं फार रंगलं : राग वर चढला की इंग्रजी गळून पडते आणि हवानाची भाषा तोंडात येते. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला हे समजावून सांगावं लागेल. बेळगावात नाही लागत. आमच्या हॉलमधल्या निम्म्या घरांत हिशेब एका भाषेत, भांडण दुसऱ्या भाषेत आणि शिव्या जी आधी आठवेल तिच्यात. एक जोडपं आहे, नवरा शहापूरचा मराठी, बायको बैलहोंगलची कन्नड. रिकी सुटला तसं दोघांनी एकमेकांकडं बघितलं, आणि नवऱ्यानं मान खाली घातली.

१९५१ साली हे सगळं कॅलिफोर्नियात घडत होतं तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं. भारतात टीव्ही यायला अजून आठ वर्षं होती, तीही फक्त दिल्लीत. टीव्ही दिल्लीत पोचायच्या आधी, १ नोव्हेंबर १९५६ला, आपण म्हैसूर राज्यात पोचलो होतो. यावर हॉलमध्ये जी चर्चा झाली ती इथं लिहीत नाही, ती सगळ्यांना पाठ आहे.

असं आणखी कुठल्या मालिकांचं झालंय?

पुष्कळ. अमेरिकेतल्या ‘द हनीमूनर्स’चे जुने किनेस्कोप त्यातला नायक जॅकी ग्लीसननं स्वतःच्या ठेव्यात ठेवले होते आणि १९८५च्या सुमारास बाहेर काढले. ‘गिलिगन्स आयलंड’चा १९६३चा पायलट १९९२मध्ये पहिल्यांदा दाखवला गेला. तो हरवला नव्हता, पडून होता. ब्रिटनमध्ये तर बीबीसी टेपा पुसून परत वापरायची, त्यामुळं ‘डॅड्स आर्मी’च्या दुसऱ्या सीझनचे सहापैकी पाच भाग गेले. त्यातले दोन २००१मध्ये परत मिळाले, तीन अजून नाहीत.

आपल्याकडं कुणी असं पुसलं काय?

दुसऱ्याकडं बोट कशाला दाखवू, आमच्याच घरात पुसलंय. माझ्या मामानं गणेशोत्सवात गल्लीच्या नाटकात काम केलं होतं, विनोदी, तीन अंकी. कुणीतरी त्याची व्हीएचएस कॅसेट करून दिली. मार्च १९९६मध्ये बेंगळुरूत विश्वचषकाची भारत-पाकिस्तान उपउपांत्य लढत झाली. रेकॉर्ड करायला रिकामी कॅसेट नव्हती. आमीर सोहेलचा त्रिफळा उडाला तो मामाच्या दुसऱ्या अंकावर. त्या रात्री घरात कुणालाच वाईट वाटलं नाही, मामालाही नाही. मामा आता नाहीत, आणि तो त्रिफळा इंटरनेटवर कधीही बघता येतो.

आमच्या माळ्यावर जुन्या कॅसेट आणि एक रिळाचा डबा आहे. काय करू?

खानापूरहून आलेल्या चारही फोनमध्ये हा प्रश्न होता, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट, लावून बघू नका. मोह होतो, माहीत आहे. जुनी फिल्म आकसलेली असते. प्रोजेक्टरचे दात तिच्या भोकांत नीट बसत नाहीत आणि ती फाटत जाते. कॅसेटचंही तेच : आपल्याकडं जून ते सप्टेंबर भिंतींना घाम सुटतो, टेपेवर पांढरी बुरशी धरते. काचेच्या खिडकीतून बघा, पांढुरके डाग दिसले तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका. टेप जाईल, व्हीसीआरचं हेड खराब होईल, आणि त्यातून दुसऱ्या कॅसेटला बुरशी लागेल.

रिळाचा डबा उघडल्यावर व्हिनेगरचा, म्हणजे आंबट, नाकात जाणारा वास आला तर ती अ‍ॅसिटेट फिल्म कुजायला लागलीय. त्या वासातूनच कुजण्याला आणखी वेग येतो, म्हणून हवाबंद पिशवीत कोंबू नका आणि चांगल्या रिळांपासून लांब ठेवा. घरगुती ८ आणि १६ मिलिमीटर रिळं पेट घेणाऱ्या जातीची नसतात. फार जुनी ३५ मिलिमीटर सिनेमाची फिल्म मात्र नायट्रेटची असू शकते आणि ती खरोखर भडकते. पुण्यात जानेवारी २००३मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात अशाच नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून जुने चित्रपट गेले. तसा डबा मिळाला तर घरात ठेवू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आधी फोन करा आणि ते सांगतील तसं करा. संग्रहालय १९६४पासून आहे. असला डबा बसमध्ये घालून नेणं म्हणजे दुसऱ्यांच्या जिवाशी खेळ.

ठेवायचं कुठं? माळ्यावर नको. कौलाखालचा माळा एप्रिलात तापतो, जुलैत गळतो. खालच्या खोलीतलं कपाट, जमिनीपासून वीतभर वर, बाहेरच्या भिंतीला न टेकता. कॅसेट पुस्तकासारख्या उभ्या, रिळं आडवी.

आणि डब्यावर, कॅसेटवर, आतल्या चिठ्ठीवर जे काही लिहिलंय ते पुसू नका, त्यावर नवीन स्टिकर चिकटवू नका. आधी फोटो काढा. कितीही वाईट अक्षर असू दे. घरातलं म्हातारं माणूस आहे तोवर त्याला विचारून घ्या, हे कुणी शूट केलं, पडद्यावर कोण कोण आहे. डिजिटल करून घेतलं तरी मूळ प्रत टाकून द्यायची नाही. पेन ड्राइव्ह मरतो, आणि तो वासही देत नाही.

लग्नाच्या कॅसेटचं काय? त्या कोण बघणार?

आज कुणी नाही. तरीही ठेवा. मंडपाच्या मागं दिसणारी गल्ली आता तशी राहिलेली नाही.

पायलट आम्हाला कुठं बघायला मिळेल?

मालिकेच्या पहिल्या सीझनच्या डीव्हीडी संचात तो आहे. इंग्रजी फार जड नाही, आणि विदूषकाच्या प्रवेशाला भाषा लागतच नाही. तो सुरू झाल्यावर आमच्याकडं मराठी, कन्नड आणि ज्यांना इंग्रजीचा गंध नाही असे सगळे एकाच जागी हसले.

त्या दिवशी शेवटी कुणीतरी पिशवी घेऊन आलं होतं म्हणे?

हो. अनगोळच्या एक बाई, आमच्या नेहमीच्या नव्हेत. कार्यक्रम संपल्यावर पिशवीतून दोन व्हीएचएस कॅसेट काढून टेबलावर ठेवल्या. त्यांचे यजमान हौशी नाटकांतून कामं करायचे, बहुतेक नोकराची, हवालदाराची. एका कॅसेटवर बुरशी आहे, ती अजून लावलेली नाही. दुसरी स्वच्छ आहे, तिच्यावर निळ्या शाईत ‘नाटक, अंक २ व ३’ एवढंच लिहिलंय. वर्ष नाही, नाव नाही. पहिला अंक त्यांच्याकडं नाही. यजमानांनी तो नाटकातल्याच कुणाला तरी बघायला दिला होता, आणि तो माणूस वडगावचा होता की शहापूरचा हे त्यांना आठवत नाही.

तुमच्या घरी निळ्या शाईतली ‘अंक १’ अशी कॅसेट असेल तर लावू नका. तशीच घेऊन या.